सांता लुचियाचे दुकान आणि विझलेले अकरा डोंगर

मी, साल्वातोरे इम्पारातो, वय एकसष्ट, धंदा चित्रकार, राहणार सांता लुचिया किनारा, नेपल्स, लिहून ठेवतो की माझा श्वास अडखळतो, पण डोके ठिकाणावर आहे. कुणी दारू पाजून किंवा धाक घालून हे मृत्युपत्र लिहवून घेतलेले नाही.

१. राहती खोली, पलंग आणि तांब्याची भांडी मोलकरीण नुन्त्सियाताला द्यावीत. माझी किरकिर तिने मुकाट्याने ऐकली. मुकाट्याने म्हणजे तिच्या मानाने.

२. गाडीवान अनिएल्लो परदेशी प्रवाशांना माझ्या दारावरून समोरच्या चित्रांच्या दुकानात नेत आला. त्याला माझी छत्री द्यावी. ती पावसात उघडत नाही.

३. दुकान, रंग व कुंचले माझी धाकटी बहीण रोझालिया हिचे. कारण लिहिणे भाग आहे. आमचे चित्र दोन हातांनी होई. समुद्र, आभाळ आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा डोंगर मी रंगवायचो. मग कागद तिच्याकडे जाई आणि ती डोंगर पेटवी. प्रवासी चित्र घेत ते त्या आगीसाठी. कोपऱ्यात सही मात्र माझी.

१८१६च्या वसंतात एका इंग्रज बाईंनी विचारले, ही आग कोण काढतं? रोझालिया पडद्याआड रंग घोटत होती. मी म्हणालो, "मीच."

ती बाहेर आली, कुंचला धुऊन माझ्यापुढे ठेवला.

"दादा, मग आता तूच पेटव."

एवढे बोलून ती प्रोचिदा बेटावर मावशीकडे निघून गेली. मी प्रयत्न केला. माझी आग उकडलेल्या गाजरासारखी दिसते. समोरच्या दुकानदाराने तसे तोंडावर सांगितले, आणि ते खरे होते. तिला बोलावणे पाठवायची मला लाज वाटली. ती लाज अकरा वर्षे पुरली.

४. दरवर्षी मी तिच्यासाठी एक डोंगर रंगवला, माथा कोरा सोडून. ते अकरा कागद फडताळात आहेत. तिने आग भरावी, नाहीतर चुलीत घालावेत. नुन्त्सियाताने मधे बोलू नये. सहीचा कोपराही कोरा आहे. तिथे रोझालियाचेच नाव यावे.

५. हा कागद तिच्यासमोर दुकानातच वाचावा, दार सताड उघडे ठेवून. तिसरे कलम मोठ्याने वाचावे. समोरच्या दुकानापर्यंत ऐकू गेले पाहिजे.

सही: साल्वातोरे इम्पारातो
साक्षीदार: फादर दोनातो लांझेत्ता, न्हावी चीरो मोंतेल्ला
नेपल्स, ९ नोव्हेंबर १८२७