खोली नऊमधल्या बाईंची कूस

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त परिचारिका, मुक्काम वृद्धनिवास, खोली क्रमांक नऊ, खिडकीकडची खाट, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. पहिल्या चौकशी अहवालात "तक्रारदाराची स्मरणशक्ती भरवशाची नाही" असे नमूद आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. अहवाल लिहिणाऱ्या साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला होता. तेवढ्यावर निदान करणाऱ्या त्यांच्या बुद्धीला माझा नमस्कार.

१. माझ्या मालकीचा दोन खोल्यांचा फ्लॅट सुनेला द्यावा, मुलाला नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या पाठीला पडून पडून बेडसोरच्या जखमा झाल्या तेव्हा मी तक्रार करणार म्हटले. मुलगा म्हणाला, "आई, कशाला त्यांच्या डोळ्यांवर येतेस? काढून टाकलं तर तुला ठेवायचं कुठे?"  सुनेने तक्रार टाइप केली आणि समाजकल्याण कचेरीत देऊन पोच आणली. मुलाला शांतता हवी होती. मी गेल्यावर ती त्याला आपसूक मिळेल, वेगळी लिहून द्यायला नको.

२. बाई निवृत्त शिक्षिका. अर्धांगवायूने वाचा गेलेली, स्वतःहून हलता येत नव्हते. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते. इथे सकाळी एकदा बदलत. उरलेले काम मी माझ्या गुडघ्यांची परवानगी काढून करी आणि वेळ वहीत टिपून ठेवी. स्वयंपाकीणबाई चूल सोडून हात लावायला येत, त्याबद्दल त्यांना दोनदा लेखी समज मिळाली. माझी सोन्याची साखळी त्यांना द्यावी. ही तिसरी समज समजावी.

३. चौकशीची तारीख आठ दिवस आधी कळवलेली, त्यामुळे त्या दिवशी नव्या चादरी, फुलदाणी आणि आम्ही कधी न पाहिलेल्या दोन नर्स. साहेबांनी विचारले, "आजी, काही त्रास?"

"आजींना काही कमी नाही," व्यवस्थापकांनी माझ्या वतीने सांगितले.

मी उठून बाईंची चादर बाजूला केली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. अहवालात काळजी "समाधानकारक" निघाली. महिन्याभराने बाई गेल्या.

मी पुन्हा तक्रार केली. या वेळी एक अधिकारी बाई न कळवता, ऐन जेवणाच्या वेळी आल्या. त्यांनी माझी वही आणि संस्थेचा तक्ता शेजारी शेजारी ठेवला. तक्त्याप्रमाणे बाईंची कूस दर दोन तासांनी बदललेली होती, सूपही त्या सगळे संपवत होत्या, आणि हे सगळे त्या वारल्यानंतरही तीन दिवस चालू होते.

"हे कोणी भरलं?"

"स्टाफ नवीन आहे, मॅडम."

जिवंतपणी निम्मी तरी काळजी मिळाली असती तर बाई अजून असत्या. व्यवस्थापकांची नोकरी गेली. बाईंसाठी मी मागवलेली हवेची गादी त्यांनी "नियमात बसत नाही" म्हणून गोदामात टाकली होती. ती त्यांना द्यावी. त्यांचेही वय होईलच.

४. माझी वही सुनेने जपून ठेवावी. बाईंची मुलगी परदेशातून आली, तेव्हा माझ्या खाटेवर बसून तिने विचारले, "मावशी, आईला फार त्रास झाला का?"

"नाही गं. झोपेतच गेली."

मी रोज खरी वेळ लिहिली, पण हे एवढे मी खोटे सांगितले. मुलीने पुन्हा विचारले, तर वही तिच्या हाती द्यावी. नाही विचारले, तर जाळून टाकावी.

हे सगळे मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. न्हावीदादांनी चौथे कलम दोनदा वाचायला लावले, मग सही केली.

साक्षीदार: (१) दाखला देणारे डॉक्टर (२) दर महिन्याला केस कापायला येणारे न्हावीदादा

सही: खोली नऊची सिस्टर
ठिकाण: खोली क्रमांक नऊ. दुसरी खाट रिकामी.
दिनांक: १७ नोव्हेंबर, सकाळी अकरा