मागच्या दाढेचा बंदोबस्त

४ ऑगस्ट
रोझेंडा एकवीस तारखेला येतेय. रियाधची नोकरी सोडून, कायमची. चार वर्षांनी बायको घरी येणार हे ऐकून जोव्हेलिन, आमची मुलगी, नाचायला लागली. मी भात वाढून घेतला. माझा स्वभावच स्थिर.
डावीकडची शेवटची दाढ ठसठसते. ब्रश तिथवर पोचत नाही. सतरा दिवस आहेत. डॉक्टर नको. घरच्या घरी होण्यासारखं आहे.

५ ऑगस्ट, सकाळी ६
दातांच्या फटींत फिरवायचा खास दोरा मिळतो म्हणे. दोरा तो दोरा. शिवणाच्या डब्यातलं काळं रीळ घेतलं.
६.१० – दोरा तुटला. अर्धा आत.
६.४० – अजून आतच.
दिवसभर धक्क्यावर तोंड मिटून बोटीची तिकिटं तपासली. एक म्हातारी म्हणाली, आज मानोंगदादा घुश्शात दिसतात.

७ ऑगस्ट
जोव्हेलिनने चिमट्याने दोरा काढला. म्हणाली, तातय, हा बटणं लावायचा दोरा आहे. फटींसाठी बारीकसा ब्रश मिळतो, अगदी स्वस्त, मी आणते. नको म्हणालो. प्रश्न तत्त्वाचा आहे.

१० ऑगस्ट
शेजारच्या बेर्टिंगकडून मासेमारीची नायलॉनची तंगूस आणली. तुटणार नाही. तो म्हणाला, हिने मी टूना ओढतो, तुझी दाढ काय चीज आहे!
खूप रक्त आलं. म्हणजे घाण बाहेर पडतेय.

१३ ऑगस्ट
पेरूच्या पानांचा काढा, मीठ घालून. गुळण्या केल्या. तोंड तुरट, बाकी उत्तम.
रोझेंडाचा व्हिडिओ कॉल. विचारत होती, एकच गाल का दाखवतोस. उजेड त्याच बाजूला आहे, म्हणालो. मग विचारलं, आठवण येते का. म्हणालो, आज नेटवर्क चांगलं आहे.
नंतर पलंगाची तिची बाजू रिकामी केली. तिथे इस्त्रीचे कपडे असतात. कुठे ठेवावे सुचेना. परत तिथेच ठेवले.

१६ ऑगस्ट
जोव्हेलिनने तो ब्रश आणून बेसिनवर ठेवलाय. काडीएवढा. फारच सोपा दिसतो. इतक्या सोप्या वस्तूने काही होत नसतं.

१८ ऑगस्ट
गाल सुजला. शरीर लढतंय. चांगली खूण.

१९ ऑगस्ट
पेज प्यायलो, तीही उजव्या बाजूने. उद्यापर्यंत उतरेल. शंभर टक्के.

२० ऑगस्ट
ताप. जोव्हेलिनने दंडाला धरून डॉक्टर विलारुझबाईंकडे नेलं. कशाने साफ करता, बाईंनी विचारलं. मी म्हणालो, नेहमीसारखंच. जोव्हेलिनने सगळं सांगितलं, तंगूससुद्धा. नर्स बाहेर जाऊन हसून आली.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, वर्षभर रोज दोन मिनिटं तो बारीक ब्रश फिरवला असता, तर बहुतेक वाचली असती. आता काढावी लागेल. गोळ्या दिल्या. उद्या सकाळी आठला बोलावलंय.

२१ ऑगस्ट
सकाळी साडेआठला दाढ गेली. इंजेक्शनमुळे काही कळलं नाही.
तिथून थेट विमानतळ. रोझेंडा बाहेर आली. बारीक झालीय, केस पिकलेत. जोव्हेलिन तिच्या गळ्यात पडून हमसून रडली. मग रोझेंडा माझ्याकडे आली. डाव्या गालावर ओठ टेकवले. कळले नाहीत. तोंडात कापूस, बोलता येईना. ती बघत राहिली. म्हणाली, काहीच वाटत नाही का रे तुला?
मी गालाकडे बोट दाखवलं. इंजेक्शन, जोव्हेलिनने सांगितलं. रोझेंडा हो म्हणाली आणि बॅग स्वतःच उचलली.

संध्याकाळी ५
बाईंनी सांगितलं होतं, दुपारपर्यंत बधिरपणा जाईल. गेलाय. खड्डा चांगलाच ठणकतोय. ओठ चावून पाहिला, लागतं.
आत ती मुलीशी बोलतेय, हसतेय. अर्धा तास झाला, मी पायरीवर बसून वाट बघतोय. बाकीचा बधिरपणा अजून उतरलेला नाही.