पाडव्याला न खणलेला खड्डा

२४ मार्च
वॉटफर्ड सोडलं एकदाचं! स्कॉटलंडच्या डोंगरात नवी नोकरी, दगडी कॉटेज, दारापर्यंत बर्फ. रोज सकाळी उतारावर छातीएवढा खड्डा खणायचा, बर्फाचे थर तपासायचे आणि हिमस्खलनाचा अंदाज पाठवायचा. तो वाचूनच स्कीवाले डोंगरावर जायचं की नाही ते ठरवतात. वसंतातलं ऊन केसाने गळा कापतं, अशा अर्थाचं काहीतरी आमची बॉस फिओना म्हणाली. बाई भारी आहे.

३० मार्च, पाडवा
स्कीच्या काठीवर गुढी उभारली, आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, मग श्रीखंड हादडून लोळलो. खड्डा खणायला गेलोच नाही. कालचेच आकडे पाठवले, धोका कमी. एका दिवसाने काय बिघडतं! लेस्टरच्या मराठी मंडळातली, ओळखीची ऋजुता इथे स्कीइंगला आली आहे. उद्या पूर्वेच्या उतारावर जाऊ का, असा तिचा मेसेज आला. मी लिहिलं, बिनधास्त जा.

३१ मार्च
ऋजुता गेली. अख्खा उतार तिच्यावर घसरला. बर्फाखालच्या माणसाच्या अंगावरचा, सिग्नल देणारा ट्रान्सीव्हर किती मीटरवर आहे ते माझा ट्रान्सीव्हर दाखवतो. त्याच्यावरून मीच तिला शोधून खणून काढलं, पण श्वास थांबला होता. तिचा ट्रान्सीव्हर माझ्या हाताने बंद केला. काल खड्ड्यात काय दिसलं, असं फिओनाने विचारलं. काही विशेष नाही, म्हणालो. जीभ झडली नाही माझी.

२ एप्रिल
सकाळी खुंटीवरचा माझा ट्रान्सीव्हर आपोआप वाजला. ४० मीटर. आसपास कुणीच नाही. बॅटरी काढली. तरी ४०.

३ एप्रिल
सुहासिनीकाकूंचा फोन आला, ऋजुताच्या आईचा. कुणाची चूक झाली का, एवढंच विचारत होत्या. मी म्हणालो, निसर्गापुढे कुणाचं काय चालतं. फोन ठेवला तेव्हा आकडा ११ होता. दाराकडे येणारी बर्फाची लांब वळी उठली आहे, खालून कुणी सरपटत आल्यासारखी.

४ एप्रिल
चौकशीत पुन्हा खोटं बोललो. आकडा ४. खोटं बोललो की तो — फरशीखाली ओरखडे —

५ एप्रिल
खरं लिहितो. मी खड्डा खणला नाही. वेळ नव्हता — २. नाही, वेळ होता! आळस केला. सणाच्या आड लपलो. लाज वाटते हो, काकू.
आकडा थांबला. ओरखडेही थांबले. हे पान फिओनाला द्यायचं. ऋजुता माझ्या शब्दावर गेली. पण तिनेही जरा स्वतः बघायला —