हेडफोन काढल्यावर

पुणे

आई, पाया पडतो.

मी बरा आहो. मेसच्या जेवणानं पोट भरते. कॉल सेंटरमध्ये दिवसभर कानाले हेडफोन राह्यते. लोकं चिडून बोलतात, मी गोड बोलतो. आता सुट्टीतही फोन वाजला का छातीत धडधडते, म्हणून पत्र लिहून राह्यलो.

मागच्या वेळी फोन ठेवताना मी सवयीनं तुलेही विचारलं, "आणखी काही मदत करू शकतो का?" तू "नाही जी" म्हणालीस, परक्याले म्हणते तसं. तो 'जी' अजून कानातून निघत नाही.

बाबाचा गुडघा दारव्ह्याच्या डॉक्टरले दाखवला का?

होळीले येतो. आल्यावर मले काही विचारू नको. तू ओसरीत तूर पाखडत बस. मी बाजूले पडून सुपाचा आवाज ऐकतो.

तुझाच,
रजत