भोक न पाडता बसवलेली दुर्बीण

२ सप्टेंबर २०२३, शनिवार

मी, बेआट रोहरबाख, वय छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, ओबरश्वेंडी गावच्या दूधसंघाचा मुख्य हिशेबनीस आणि गावच्या नेमबाज मंडळाचा विद्यमान राजा, ही रोजनिशी एका निश्चित हेतूने सुरू करीत आहे. ऑक्टोबरमध्ये हंगामाची शेवटची नेमबाजी होते. तीत पहिला येणारा वर्षभर राजा ठरतो आणि गाईच्या गळ्यात बांधतात तशी मंडळाची मोठी घंटा वर्षभर त्याच्या घरी राहते. लागोपाठ तीन वर्षे जिंकणाऱ्याची ती कायमची होते. माझी दोन झाली आहेत. तिसऱ्याविषयी मला शंका नाही.

केवळ एक बाब नमूद करणे आवश्यक. आजच्या सरावात नळीच्या टोकाची नेमखूण धूसर दिसली. काही वेळा दोन दिसल्या. रायफल १९४४ सालची, वडिलांना लष्करातून मिळालेली. धातूही थकतो. पत्नी मार्ग्रित म्हणाली, "धातू नाही, तुझे डोळे थकलेत. चष्मा करून घे." मी तिला शांतपणे सांगितले की समोरच्या उतारावरची गाय मला इथून स्वच्छ दिसते. ती म्हणाली, "तो ट्रॅक्टर आहे, बेआट."

चष्म्याचा विषय माझ्यापुरता संपला.

५ सप्टेंबर, मंगळवार

निर्णय: दुर्बीण बसवणे. मंडळाची अध्यक्ष कात्रिन लिएख्टी हिला रीतसर विचारले. पंचावन्नच्या वरच्या सभासदांना आमच्या मंडळापुरत्या नेमबाजीत दुर्बीण चालते, मात्र रायफलीत कायमचा बदल होता कामा नये. "भोक नाही, कानस नाही, वेल्डिंग नाही," कात्रिन म्हणाली. "काढल्यावर होती तश्शी दिसली पाहिजे. बाकी तू तिच्यावर चर्चचा मनोरा बांध, मला काय!"

वडिलांनाही फोनवर कळवले. ते शहाऐंशी वर्षांचे आहेत. "एक ओरखडा दिसू दे," ते म्हणाले, "रायफल सरळ सुनेच्या नावावर करीन. ती निदान फडक्याने पुसते तरी."

हे गमतीने म्हटले असावे.

१६ सप्टेंबर, शनिवार

दुर्बीण रायफलीला धरून ठेवणारी पकड आली. दोन स्क्रू, चार ओळींच्या सूचना. अंदाज: अर्धा तास.

अडचण अशी की आमच्या या रायफलीचे रिकामे काडतूस सरळ वर उडते. त्यामुळे दुर्बीण डोक्यावर बसवता येत नाही, डाव्या अंगाला बसवावी लागते. ओरखडा टाळण्यासाठी पकडीखाली चामड्याची पट्टी घातली. पट्टीमुळे पकड घसरू लागली. पट्टी काढली तर ओरखडा. म्हणजे पातळ चामडे हवे. मार्ग्रितच्या हिवाळी हातमोज्यांचे चामडे अत्यंत योग्य जाडीचे निघाले. हिवाळा अजून दूर आहे.

संध्याकाळ झाली. दुर्बीण बसली. काम तडीस गेले.

२३ सप्टेंबर, शनिवार

दुर्बीण डावीकडे असल्याने गाल दस्त्याला टेकत नाही; मान हवेत ठेवावी लागते. यावर उपाय म्हणून दस्त्याला लोकरी मोजा बांधला. मोजा काढता येतो, सबब नियमात बसतो. कात्रिनने विचारले, "हिला सर्दी झालीय का?" सगळे हसले. शोध लावणाऱ्याला हे सोसावेच लागते.

पहिली गोळी उत्तम सुटली. धक्क्याने दुर्बिणीची कडा भुवईवर आदळली. तीन टाके. डॉक्टर भुवई शिवता शिवता म्हणाले, भिंतीवरचा तक्ता वाचून दाखवा. मी नकार दिला. मी भुवई घेऊन आलो होतो, डोळे नव्हे.

मार्ग्रित गाडी चालवताना म्हणाली, "बंदुकीला भोक नको म्हणून कपाळाला पाडून घेतलंस!"

रायफलीत कायमचा बदल: शून्य.

७ ऑक्टोबर, शनिवार

दुर्बीण पुढे सरकवली. भुवई सुरक्षित. आता तिच्यातून मटाराच्या दाण्याएवढे वर्तुळ दिसते आणि त्या दाण्यात एक काळी चकती, सुईने टोचावी इतकी स्पष्ट. आजूबाजूचे काहीही दिसत नाही. मला चकती हवी, देखावा नको.

सरावासाठी एकच चकती उभी केली होती. साठापैकी छप्पन्न गुण! मागच्या दोन्ही वर्षी मी इतक्या गुणांवर जिंकलो नव्हतो. मार्ग्रितने या वसंतातच नेमबाजी सुरू केली आहे. चष्मा लावून, साध्या नेमखुणेने ती सत्तेचाळीसपर्यंत जाते. मी तिचे अभिनंदन केले. तिला आपले हातमोजे सापडत नाहीत.

२१ ऑक्टोबर, शनिवार, सायंकाळी

जे घडले ते क्रमाने लिहितो.

मी पाच नंबरच्या जागेवर, मार्ग्रित डावीकडे चार नंबरवर. फेरी एकच: सहा गोळ्या एका दमात, निकाल शेवटी एकदम. नेमासाठी पालथा पडलो. मोजा नीट केला. मटार शोधला, मटारात चकती आली. सहा गोळ्या सुटल्या. अशी नेमबाजी मी आयुष्यात केलेली नाही, हे मी आताही ठामपणे म्हणतो.

चकत्यांखालच्या खंदकात गुण मोजणाऱ्या माणसांनी चकत्या खाली ओढल्या, पुन्हा वर केल्या आणि पाच नंबरसमोर लाल-पांढरी पाटी डावी-उजवी हलवली. म्हणजे शून्य. मी उभा राहिलो आणि फेरतपासणीची मागणी केली. कात्रिनने खंदकात फोन लावला, ऐकले, फोन खाली ठेवला आणि फार सावकाश बोलली: "पाच कोरी आहे, बेआट. चारमध्ये बारा भोकं आहेत."

दुसऱ्याच्या चकतीवर मारणाऱ्याला शून्य, हे मी जाणतो. पुढचे कलम माझ्या ध्यानात नव्हते. भोके कोणाची ते ओळखता येत नसेल, तर ज्याची चकती आहे तो निर्दोष. बारांतली सर्वोत्तम सहा त्याची धरायची.

मार्ग्रित: एकोणसाठ. राणी.

बघायला आलेले वडील मागच्या खुर्चीवरून ओरडले, "शाब्बास, सूनबाई!"

२२ ऑक्टोबर, रविवार

न्याहारीनंतर कात्रिनकडे जाऊन आक्षेप नोंदवला. त्या सहांपैकी किमान चार गोळ्या माझ्या आहेत, हे सत्तेचाळीस आणि छप्पन्न या आकड्यांवरून कोणताही हिशेबनीस सिद्ध करील. कात्रिनने कॉफी ओतली. "कर की सिद्ध," ती म्हणाली. "मग लिहून दे की तुला चकतीजवळचा पाच हा आकडा दिसला नाही. अर्ध्या माणसाएवढा आहे तो. तरी तुझं शून्य ते शून्यच राहील. फक्त मार्ग्रितची घंटा जाईल आणि गावभर तुझ्या डोळ्यांची चर्चा होईल. सही कुठे करायची ते दाखवू?"

मी सर्व बाजूंनी विचार केला. आक्षेप तत्त्वतः कायम आहे. लेखी मात्र दिलेला नाही.

घरी आलो तेव्हा घंटा जेवणाच्या टेबलावर, वेणीसारख्या गुंफलेल्या रविवारच्या पावाशेजारी होती. नियमाप्रमाणे माझी दोन वर्षे बाद. पुन्हा एकपासून मोजायचे, तेही मी नव्हे, तिने. घंटेवर नाव कोरणाऱ्याला फोन करून तिने स्वतःच आपले नाव सांगितले. आडनाव रोहरबाखच आहे, सबब घंटा सलग तिसऱ्यांदा रोहरबाखांकडे आली आणि कायमची झाली, असा युक्तिवाद मी मांडून पाहिला. ती म्हणाली, "नको. अजून दोन वर्षं आहेत ना. रीतसर जिंकू."

मग पावाचा तुकडा माझ्या ताटात ठेवून म्हणाली, "फक्त तू दर वर्षी माझ्या शेजारचाच नंबर घेत जा."



बेआट रोहरबाख
ओबरश्वेंडी, २२ ऑक्टोबर २०२३