या खेपेला आवतण नाही

सिद्धगडाच्या पायथ्याची वाडी, ता. मुरबाड
१२ जानेवारी २०२५

रविनाताई,

थोरल्या बहिणीला नमस्कार लिहावा की तुझ्या पाठीत एक धपाटा घालावा ते ठरेना, म्हणून दोन्ही पोचले असं समज. आय बरी आहे, गुडघा सोडून. वालाला शेंगा लागल्यात. बा सकाळी शेतावर जातो, दुपारी येतो. त्याचं एवढंच.

सगळ्यांचे नंबर ब्लॉक करून बसलीस, माझासुद्धा. आयला शाल पाठवलीस त्या खोक्यावर तुझा बंगळूरचा पत्ता होता, म्हणून हे पत्र. कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्या बाईला पोस्टमनकरवी गाठायचं, धन्य आहे तुझी!

दिवाळीच्या कॉलचा राग आयवर नको काढूस. पोरगी दोन वर्षांनी दिसणार म्हणजे तिच्या लेखी ते कार्यच होतं. आणि कार्याचं आवतण द्यायचं तर वाडीतलं एक घर चुकवून चालत नाही, जन्मभर बोल ऐकावे लागतात. ती दारोदार सांगून आली आणि मला म्हणाली, लिंक वाडीच्या ग्रुपवर टाक. मीही टाकली. मग काय, अर्धी वाडी आत. देवजीकाका वाशिंदहून कॅमेरा बंद ठेवून घुसला आणि मधेच सुरू झाला, ठरलेलं लग्न मोडून पळालेल्या पोरीचं तोंड कशाला बघायचं म्हणून. वर कुणीतरी तुझं रडणं रेकॉर्ड करून फिरवलं. तू रडत असतानाच पडदा काळा झाला आणि तू गेलीस ती गेलीसच.

म्हणून गेला महिनाभर मी तुझ्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसलेय. तू त्यात विंडोज काढून लिनक्स घालून गेलीस, आता निस्तरतेय मी. एक सॉफ्टवेअर म्हणे फक्त विंडोजला चालतं. एकाला आधी मोबाईल नंबर पाहिजे, आणि तुझा नंबर मी कुणाच्या हाती लागू देणार नाही. एकात आवाज यायचा तर चेहरा दगडासारखा थिजायचा. शेवटी जित्सी सापडलं. ते ब्राउझरमध्येच उघडतं, काही घालावं लागत नाही. बोलणं दोन्ही टोकांना कुलूपबंद करायची सोय आहे, मधे कुणाला ऐकता येत नाही. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये ती सोय मला दिसेना, क्रोमियममध्ये दिसली. माझ्या मैत्रिणीला, वाशिंदच्या मितालीला, समोर बसवून सगळं तपासलं. ती कंटाळली, पण चेहरा हलत होता.

कॉलची खोली तू उघडायची. खोली उघडणाऱ्यालाच खातं लागतं, आम्हाला नाही. पासवर्ड लाव आणि चिठ्ठीने मला कळव, तो आयला आणि मलाच माहीत असेल. बाकी कुणी आलं तर ते बाहेर थांबतं, तुला नाव दिसतं, आत घ्यायचं की नाही ते तुझ्या हातात. आयला सांगून ठेवलंय, या खेपेला आवतण नाही. ती दोन दिवस फुगून बसली होती. मग म्हणाली, "ठीक हाय, लोकांना सांगीन गुडघा दुखतोय, कुणी येऊ नका."

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तो पडदा काळा झाला ना, ते लाईट गेले म्हणून नव्हे. बाने वायर उपटली. तुला वाटलं असणार, तुझ्यावरच्या रागानेच उपटली. मलाही क्षणभर तेच वाटलं. पण तो देवजीकाकाला फोन लावून सगळ्या वाडीसमोर ओरडला, "लग्नाचा शब्द मी दिला व्हता, मोडला तो माझा. माझ्या पोरीला बोलायचं काम नाय." मग मागच्या दाराने गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही. कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी नुसत्या पांढऱ्या अक्षरांच्या ओळी दाखवत बसला, तो दुरुस्त करताना मी रडले, पण कॉम्प्युटरसाठी नाही. हे तुला लगेच सांगायचं होतं, तर तू नंबरच बंद केलेला.

परवा मी मितालीशी बोलताना बा मागे येऊन उभा राहिला. विचारलं, बाहेर थांबतात ते कसं थांबायचं. मग मी त्याच्या फोनवर शिकवलं. आता रोज जेवण झालं की ओट्यावर बसून सराव करतो, मी त्याला आत घेते, तो पुन्हा बाहेर जातो. पासवर्ड देऊ का विचारलं तर नको म्हणाला. "तिनं नाय उघडलं तरी मी थांबीन."

दोन फेब्रुवारीला, रविवारी, दुपारी चारला आम्ही तयार बसू. आय आणि मी घरात, बा ओट्यावर. तू येशील ना ताई? मला तरी वाटतंय येशील.

बाहेर थांबताना आपलं नाव लिहावं लागतं. बाच्या फोनवर मी त्याचं नाव 'जैतू' लिहिलं होतं. ते त्याने मला पुसायला लावलं. तुला तिथे दिसेल, 'रविनाचा बा'.

उघडायचं की नाही ते तूच ठरव.

तुझीच,
काजल