मागे काही उरू नये

३ ऑक्टोबर
शिन्चू शहरात आले! वाऱ्याने छत्री उलटी केली, पण नोकरी झकास आहे. ग्वो चेंग-लुंग नावाचे गृहस्थ काम करता करता खुर्चीतच गेले, त्यांच्या जागी मला घेतलंय. शाओ साहेबांनी आल्या आल्या तांदळाच्या शेवया खिलवल्या. ग्वोंची आई ऑफिसच्या खालीच फळांचा गाडा लावते. पेरू देत म्हणाली, "माझ्या लेकाची खुर्ची आहे ती, पोरी. नीट बसत जा."

६ ऑक्टोबर
सर्व्हरवर ग्वोंनी लिहिलेला हिशेबाचा एक प्रोग्राम आहे. रोज सकाळी पडद्यावर विचारतो, "जेवलात का?" सगळे नजर वळवतात. साहेब म्हणाले, काढून टाक बाई, ग्वोच विचारतोय असं वाटतं. एका कमांडने काढला.

७ ऑक्टोबर
साहेबांना जुने आकडे हवे होते, म्हणून प्रोग्राम परत बसवला. पडद्यावर आलं, "जेवलीस का, शिऊ-छिन?"
नुसतं काढलं की प्रोग्राम जातो, सेटिंगच्या फायली मागे राहतात, हे मला ठाऊक आहे. पण त्यांत माझं नाव कुणी लिहिलं? मी यायच्या आधीच ते गेले होते.

८ ऑक्टोबर
सेटिंगसकट समूळ काढायची कमांड वेगळी. तीच दिली. पडदा शांत. हायसं वाटलं.

९ ऑक्टोबर
पेरू घेताना आजीकडे तिच्या लेकाचा विषय काढला. ती हसली. म्हणाली, मला कुठलं गं मूलबाळ! गाड्यावर त्याच्या फोटोची चौकट आहे. आत कोरा कागद.
साहेबांना विचारलं. कोण ग्वो, म्हणाले. थट्टा करत नव्हते.

१२ ऑक्टोबर
फायली परत आणायला बॅकअप उघडला. तिथेही नाहीत. पडद्यावर एकच ओळ: याच्यामुळे आलेलं, आता कुणाला न लागणारं, काढत आहे.
नको म्हणून दाबलं. प्लग ओढला. ओळ तशीच —

१३ ऑक्टोबर
आजी नाही. गाडा नाही. शेजारचा म्हणतो, इथे गाडा कधी नव्हताच —

१४ ऑक्टोबर
साहेबांनी दारातच अडवलं. कोण हवंय, बाई? म्हटलं, मी ग्वोंच्या जागी — म्हणाले, अशी जागाच कधी नव्हती.
त्यांच्यामुळे आलेलं. म्हणजे मी —

१५
आईला फोन केला. अदबीने म्हणाली, राँग नंबर. मागून बाबा विचारत होते कोण आहे — कुणी नाही, म्हणाली —
आधीच्या पानांवरची शाई उडत चाललीय. मी शिऊ-छिन. आडनाव — आडनाव ल